कागदाच्या पाव जाडीचा फरक : गिटारच्या तारेचा नंबर बदलला की काय काय हलतं?

आमच्या ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी राहते. जानेवारी २०२५मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, तेव्हा तिची दहावीची परीक्षा महिन्यावर आली होती. तरी ती गेलीच, आणि येताना इलेक्ट्रिक गिटारचं खूळ डोक्यात घेऊन आली. निकाल बरा लागला, त्यामुळे आईबाबांना बोलायला जागा उरली नाही. गिटार आली, छोटा अ‍ॅम्प आला, खालच्या मजल्यावरच्या आजोबांच्या कपाळावर आठ्या आल्या. सगळं रीतसर चाललं होतं.

गणपतीच्या दोन आठवडे आधी, एका रविवारी सकाळी, आमची बेल वाजली.

"काका, गिटार बिघडलीय."

पाहिलं तर मागचा ब्रिज, म्हणजे तारा धडावर जिथे टेकतात तो भाग, पाळण्यासारखा वर उचललेला. तारा इतक्या उंच की दाबल्या की बोटावर वळ उठावा. सूर लावावा तर पाच मिनिटांत उतरलेला.

"काय केलंस?"

"काहीच नाही. फक्त तारा बदलल्या."

पावसाने जुन्या तारा गंजल्या होत्या. दुकानात गेली, तर तिथल्या माणसाने सांगितलं की अकराचा सेट टाक, जाड तारेला आवाज भारी येतो. हिने टाकला. सोसायटीच्या गणेशोत्सवात वाजवायचं होतं, तेव्हा आवाज भारीच हवा.

मी वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये काम करतो आणि वीस वर्षं बेताचीच गिटार वाजवतो. या दोन पात्रतांवर इमारतीतल्या सगळ्या आजारी गिटारी माझ्याकडे येतात. मी मायक्रोमीटर काढला आणि तिला जुनी तार मोजायला लावली, मग नवी. फरक आला दोन थाऊ. ती म्हणाली, "एवढ्याशाने?"

हो, एवढ्याशानेच.

नऊ, दहा, अकरा म्हणजे नक्की किती?

गिटारच्या तारेचा नंबर, ज्याला वाजवणारे गेज म्हणतात, तो तारेचा व्यास असतो. मोजायचं माप इंचाचा हजारावा भाग. वर्कशॉपमध्ये आम्ही त्याला थाऊ म्हणतो. एक थाऊ म्हणजे ०.०२५४ मिलिमीटर. झेरॉक्सचा साधा ए-फोर कागद साधारण चार थाऊ जाड असतो. म्हणजे नऊची तार आणि दहाची तार यांच्यात फरक कागदाच्या पाव जाडीचा.

सहा तारांचा सेट सगळ्यात बारीक तारेच्या नावाने ओळखला जातो. 'नऊचा सेट' म्हणजे ९ ते ४२ थाऊ, 'दहाचा' म्हणजे १० ते ४६, 'अकराचा' बहुधा ११ ते ४९. बारीक तीन तारा उघड्या पोलादी, जाड तीन गुंडाळलेल्या: आत पोलादी गाभा आणि त्यावर निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादी तारेचा वेढा.

वेढा कशाला? आमच्याकडे तंबोरा पाहिलेल्याला हे सांगावं लागू नये. जोडीच्या तारा पोलादाच्या आणि खर्जाची तार पितळेची, जास्त जाड. खालचा सूर हवा तर तार जड हवी. पण पोलादाचीच तार नुसती जाड करत गेलो तर ती तार न राहता सळई होते, वाकायला नकार देते आणि आवाज ठोक्यासारखा येतो. गुंडाळलेल्या तारेत वेढा वजन देतो आणि आतला गाभा बारीक असल्याने लवचिक राहतो.

ओढ : सगळ्या गोष्टीचं मूळ

तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, वजन आणि ती किती ताणली आहे ते. हे नियम मारिन मर्सेन या फ्रेंच पाद्र्याने १६३६ साली ग्रंथात मांडले आणि ते आजही तसेच चालतात. लांबी गिटार बनवतानाच ठरलेली. सूरही ठरलेला, कारण पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक, तार 'ई' या सुरालाच लावायची. मग तार जाड केली, म्हणजे जड केली, तर हातात एकच गोष्ट उरते: जास्त ताणणे.

रिकामी लोकल आणि ऑफिसच्या वेळची खचाखच लोकल आठवा. ठाण्याहून मुलुंडला दोघींना तेवढ्याच वेळात पोचायचं असेल, तर भरलेल्या गाडीच्या मोटरला जास्त ओढावं लागतं. जड तारेला त्याच सुरात थरथरवायचं तर खुंटी तशीच जास्त पिळावी लागते.

किती जास्त, यातच मेख आहे. तारेचं वजन व्यासावर नाही, व्यासाच्या वर्गावर वाढतं. नऊ आणि दहा यांचे वर्ग ८१ आणि १००. म्हणजे व्यास ११ टक्के वाढला, पण ओढ वाढली २३ टक्के. तारेची वाजणारी लांबी साडेपंचवीस इंच असलेल्या, म्हणजे स्ट्रॅटोकास्टर या मॉडेलच्या मापाच्या गिटारवर पहिली तार नऊची असेल तर ती सुमारे ५.९ किलोने ओढते, दहाची ७.३ किलोने, अकराची ८.९ किलोने.

आता सहाही तारांची बेरीज करा. नऊचा सेट मिळून साधारण साडेअडतीस किलो, दहाचा सत्तेचाळीस, अकराचा त्रेपन्नच्या वर. नऊवरून अकरावर उडी मारली की गिटारवर सुमारे पंधरा किलो ओढ वाढते. आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तेवढं वजन त्या मुलीने नकळत गिटारच्या मानेला टांगलं होतं.

गिटार ही गोष्ट मुळात दोन्ही बाजूंनी ओढून तोलून धरलेली असते. आवाजाचं नंतर बघू. आधी हा तोल कुठे कुठे जातो ते पाहू, कारण नंबर बदलल्याची पहिली खबर तिथूनच येते.

मान धनुष्यासारखी वाकते

गिटारची लांब मान, म्हणजे नेक, ही लाकडाची काठी आणि तारा ही तिची प्रत्यंचा. ओढ वाढली की धनुष्य वाकतं. पुढे झुकू नये म्हणून नेकच्या पोटात एक पोलादी सळई घातलेली असते, ट्रस रॉड. तिचं एक टोक अ‍ॅलन कीने फिरवता येतं. आवळली की मान मागे जाते, सैल केली की पुढे येते.

नेक मग अगदी सरळ का ठेवू नये? दोरीवरच्या उड्या मारताना दोरी मधोमध सगळ्यात जास्त फुगते. वाजणारी तारही मध्यावर तशीच फुगते. खालची जमीन अगदी सपाट असेल तर दोरी घासते, किंचित खोलगट असेल तर मोकळी फिरते. म्हणून नेकला मुद्दाम थोडा खोलगटपणा ठेवतात, त्याला रिलीफ म्हणतात. मोजायची रीत सोपी: पहिला फ्रेट, म्हणजे सतारीच्या भाषेत पहिला पडदा, दाबून धरायचा, दुसऱ्या हाताने जिथे नेक आणि धड जुळतं तिथला फ्रेट दाबायचा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली किती फट उरते ते फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पत्र्यांनी, पाहायचं. पाव मिलिमीटरच्या आसपास असली की बहुतेकांचं भागतं. फीलर गेज नसेल तर ए-फोर कागदाचे दोन-तीन थर.

हलक्या तारेवरून जाड तारेवर गेलात की मान पुढे येते, ही फट वाढते आणि तारा फ्रेटपासून दूर जातात. तारेच्या या उंचीला अ‍ॅक्शन म्हणतात. बाराव्या फ्रेटवर दीड ते दोन मिलिमीटर असली की हात सुखात असतो. आमच्या मुलीची साडेतीनला पोचली होती, पण त्यात मानेचा वाटा थोडा आणि ब्रिजचा जास्त. ब्रिजकडे वळतोच.

उलट, जाडवरून हलक्यावर आलात की ओढ कमी होते, ट्रस रॉड पूर्वीइतकाच आवळलेला राहतो, मान मागे झुकते आणि तारा फ्रेटवर घासून झरझर करायला लागतात. इथे एक गंमत सांगतो. तंबोरा करणारे मिरजेचे कारागीर घोडीवर तार नेमकी घासावी म्हणून तासन् तास खपतात. जवारी लावतात, खाली धाग्याचा तुकडा सरकवतात, तेव्हा कुठे तो भरलेला झंकार येतो. तीच झर गिटारवर आली की लोक मिस्त्री शोधतात.

ट्रस रॉड पाव आटा फिरवायचा, सूर परत लावायचा, मोजायचं, आणि अर्धा दिवस गिटार ठेवून द्यायची. लाकूड हळूहळू बसतं. अ‍ॅलन की मापाचीच हवी. चुकीच्या मापाच्या कीने आटे गेले की पुढचं काम महाग होतं. अडकतंय असं वाटलं तर जोर लावू नका, माणसाला दाखवा.

मागचा तराजू

स्ट्रॅटोकास्टरसारख्या गिटारचा ब्रिज पक्का बसवलेला नसतो. तो बिजागरीसारखा पुढेमागे झुलतो, दांडीने हलवून सूर थरथरवता यावा म्हणून. पुढून सहा तारा त्याला ओढतात आणि मागच्या खाचेतल्या स्प्रिंगा उलट ओढतात. सरळ तराजू आहे. एका पारड्यात साडेअडतीस किलोचा माल होता, तो त्रेपन्न झाला. दुसरं पारडं तसंच. ब्रिज पुढे कलला, मागून उचलला गेला, आणि त्याच्याबरोबर सगळ्या तारा वर गेल्या. तिने पाहिलेला पाळणा तो हाच.

सूर न टिकण्याचं कारणही इथेच. एक तार आवळली की ब्रिज थोडा पुढे येतो, त्याने बाकीच्या पाच सैल होतात. त्या आवळल्या की पहिली उतरते. तीन वेळा फेरी केल्यावर शिकाऊ माणसाला वाटतं खुंट्याच खराब आहेत.

उपाय मागचं झाकण काढून. स्प्रिंगा ज्या पट्टीला अडकवल्यात तिचे दोन स्क्रू आवळायचे, नाहीतर आणखी एक स्प्रिंग घालायची. बहुधा तीन असतात, पाचांची जागा असते. ब्रिजची मागची कड धडापासून साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, वर राहिली की ठीक. एक सूत हे माप अजून वर्कशॉपमध्ये आणि सुताराकडे जिवंत आहे, गिटारच्या कंपनीच्या पुस्तकातही नेमकं तेवढंच निघावं याचा मला उगाच आनंद होतो.

ज्यांचा ब्रिज पक्का आहे, टेलिकास्टर किंवा लेस पॉलच्या घाटाच्या गिटारी, त्यांच्यापुढे हा प्रश्नच नाही. नवशिक्याला कोणती गिटार घ्यावी असं विचारलं की मी पक्क्या ब्रिजची सांगतो. ऐकत कोणी नाही.

नट आणि बेसूर होणारा बारावा फ्रेट

नेकच्या टोकाला जी खाचांची पट्टी असते ती नट. खाचा मूळच्या तारांच्या मापाने कापलेल्या असतात. ४२ थाऊच्या खाचेत ४९ची तार बसवली तर ती चिमटली जाते. खुंटी पिळताना काही होत नाही, मग एकदम 'टिंग' होऊन सूर उडी मारतो. किंचित घट्ट असेल तर पेन्सिलीचं शिसं खाचेत घासा, तार सरकते. फारच घट्ट असेल तर खाच बारीक कानशीने रुंद करावी लागते, आणि हे काम पहिल्यांदाच घरी करू नये. जास्त घासलं गेलं तर परत भरता येत नाही.

दुसरी भानगड इंटोनेशनची. मोकळी तार सुरात, पण वरच्या पट्टीत बोट ठेवलं की बेसूर, अशी तक्रार असेल तर ती हीच. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, तिथे वरच्या सप्तकातला तोच सूर मिळायला हवा. पण तार दाबताना ती थोडी ताणली जाते, शिवाय टोकाजवळ ती ताठ असते आणि नीट वाकत नाही, त्यामुळे सूर किंचित चढतो. ती भूल भरून काढायला प्रत्येक तार ब्रिजवरच्या छोट्या खोगिरावर, सॅडलवर, थोडी लांब ठेवतात. जाड तार जास्त ताठ, म्हणून तिला थोडी जास्त लांबी. बाराव्या फ्रेटवर सूर चढा आला की सॅडल मागे, उतरला की पुढे. ट्यूनर समोर ठेवून दहा मिनिटांचं काम आहे, फक्त ते सगळ्यात शेवटी करायचं. आधी ब्रिज, मान, उंची. क्रम उलटा केला की सगळं पहिल्यापासून.

"पण जाड तारेला आवाज भारी येतो ना, काका?"

मुलीचा खरा प्रश्न हा होता आणि तो टाळून चालणार नाही, कारण अर्धी दुनिया हेच मानते.

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज लाकडातून थोडाच, मुख्यतः पिकअपमधून येतो. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. वर पोलाद हललं की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि गुंडाळीत वीज तयार होते. जास्त पोलाद हललं तर वीज थोडी जास्त. म्हणजे जाड तारेचा आवाज थोडा मोठा येतो, हे खरं. पण तेवढं तर पिकअप स्क्रूने जरा वर घेतलं तरी होतं.

हे पोलादाचं गणित किती बारकाईने चालतं पाहा. जुन्या घाटाच्या स्ट्रॅट पिकअपमध्ये तिसऱ्या तारेखालचा चुंबक मुद्दाम उंच ठेवलेला असतो. कारण त्या काळी तिसरी तार गुंडाळलेली यायची आणि तिचा आवाज दबका यायचा. आज तिसरी तार उघड्या पोलादाची असते. त्यामुळे जुन्या नमुन्याच्या पिकअपवर ती बाकीच्यांवर ओरडते. दोष तारेचाही नाही, पिकअपचाही नाही. एकाच्या काळात दुसरा आला, एवढंच.

दुसरा फरक हाताखाली होतो. त्याच जोराने पिक, म्हणजे तार छेडायची टिकली, मारली तर बारीक तार जास्त फाकते. फाकताना ती क्षणभर ताणली जाते आणि सूर वर चढून मग खाली बसतो. जोरात वाजवणाऱ्याच्या हाती नऊचा सेट म्हणूनच कधी कधी चिवचिवाट करतो. जाड तार तेवढ्याच फटक्याला कमी हलते, सूर जागच्या जागी राहतो, ठोका भरीव वाटतो. तिला बारीक तारेइतकं फाकवायचं तर जोर जास्त लागतो, आणि तो जोर शेवटी आवाजात उतरतो. ज्याला आपण 'भारी आवाज' म्हणतो त्याचा मोठा भाग हा आहे. तारेने हाताला जोरात मारायला परवानगी दिली, मारलं हातानेच.

तिसरा फरक ताठपणाचा. तार जितकी ताठ तितके तिचे वरचे उपस्वर किंचित चढे होतात आणि लवकर विझतात. जाड उघड्या तारेची धार त्यामुळे थोडी बोथट होते. पण नऊ-दहा-अकराच्या टप्प्यात हा फरक सूक्ष्म आहे. स्वच्छ आवाजाच्या अ‍ॅम्पवर, शांत खोलीत, खालच्या तारांवर मला तो ऐकू येतो. डिस्टॉर्शनचं, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणारं, पेडल दाबलं की मला कळत नाही. तुम्हाला कळत असेल तर डोळे मिटून एकदा खात्री करा.

मग तिला दुकानातून आल्यावर पहिल्या दिवशी आवाज खरंच भारी का वाटला? कारण तारा नव्या होत्या! गंजलेली, घामाने भरलेली तार आणि कोरी तार यांच्यातला फरक नऊ आणि अकरा यांच्यातल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो. गंज आणि मळ वरचे स्वर गिळतात. तिने नऊचाच नवा सेट टाकला असता तरी कान तितकेच खूश झाले असते आणि ब्रिजही उचलला नसता.

"मग मोठमोठे वादक जाड तारा का लावतात?"

काही लावतात. टेक्ससचा स्टीव्ही रे व्हॉन तेराचे सेट लावायचा आणि त्याचा आवाज आठवला की कोणालाही तेराचा सेट घ्यावासा वाटतो. पण तो सूर अर्धा स्वर उतरवून लावायचा. अर्धा स्वर उतरवला की ओढ ११ टक्के कमी होते. तरीही पहिल्या तारेची ओढ अकरा किलोच्या आसपास राहते, म्हणजे नऊच्या तारेच्या जवळजवळ दुप्पट. ते त्याच्या बोटांचं काम होतं, आणि त्या बोटांचा जो काही छळ झाला तो त्याने सोसला.

आता दुसरं टोक. झेडझेड टॉप या बँडचा बिली गिबन्स सातचा सेट वापरतो. सात! त्याचा गिटारचा आवाज पातळ आहे असं म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही. तो स्वतः सांगतो की बी. बी. किंगने त्याची गिटार हातात घेतली आणि इतका जोर कशाला करतोस असं विचारलं, तेव्हापासून तो हलक्या तारांकडे वळला.

आणि ब्लॅक सबाथ या बँडचा टोनी आयोमी. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. मी स्वतः प्रेस मशीनजवळ उभा राहणारा माणूस असल्याने ही गोष्ट वाचताना नेहमी पोटात गोळा येतो. तुटलेल्या बोटांना टोप्या करून त्याने हलक्या तारा लावल्या, पुढे सूरही उतरवले, म्हणजे ओढ आणखी कमी. त्या ढिल्या, हलक्या तारांमधून ब्लॅक सबाथचा आवाज निघाला. हेवी मेटलची सुरुवात ज्याच्यापासून मोजतात त्याच्या तारा हेवी नव्हत्या.

हलके सेट तयार मिळू लागले तेच मुळात १९६०च्या दशकात. त्याआधी सेट जाड यायचे, तिसरी तार गुंडाळलेली. वाजवणारे बँजोची बारीक तार पहिली म्हणून लावायचे आणि बाकीच्या एकेक घर खाली सरकवायचे. कॅलिफोर्नियातल्या एर्नी बॉलने हे पाहून १९६२च्या सुमारास हलके सेट विकायला काढले. वादकांची जुगाडं आधी, कारखाना नंतर.

जाड तार घेण्याचं रास्त कारणही आहे, ते आवाजापेक्षा सुराशी जोडलेलं आहे. मेटल वाजवणारी मुलं सगळ्या तारा एक पूर्ण स्वर खाली लावतात. तेव्हा ओढ पाचव्या हिश्श्याने घटते आणि दहाचा सेट नऊच्या सेटासारखा ढिला पडतो. तिथे अकराचा सेट टाकला की पहिल्या तारेची ओढ पुन्हा दहाच्या जवळ येते. लेस पॉलच्या घाटाच्या, पावणेपंचवीस इंची गिटारवरही तेच: तार आखूड, ओढ सहा टक्के कमी, म्हणून तिथे दहाचा सेट हाताला मऊ लागतो. ज्या स्ट्रॅटवर नऊ येतात आणि ज्या लेस पॉलवर दहा येतात, त्यांच्यातला फरक हाताला थोडा कमी लागतो तो यामुळे.

"बारीक तार लवकर तुटेल."

हे ऐकायला इतकं बरोबर वाटतं की मीही कित्येक वर्षं मानत होतो. मग एकदा जेवणाच्या सुट्टीत हिशोब केला. दहाची तार ७.३ किलोने ओढली जाते, पण तिचं छेदक्षेत्रही मोठं आहे. नऊची ५.९ किलोने, छेद लहान. भागाकार केला तर दोन्हीकडे चौरस मिलिमीटरमागे साधारण १४५ किलो. सूर तोच, लांबी तीच, तर पोलादाला सोसावा लागणारा ताण जाडीवर अवलंबूनच नाही. दोन्ही तारा तुटण्यापासून सारख्याच लांब आहेत. बारीक तार तुटते ती बहुधा सॅडलवरच्या कुसामुळे, म्हणजे धातूच्या टोकदार कंगोऱ्यामुळे, किंवा गंजामुळे, कारण तिच्यात खरवडायला मांसच कमी. कूस घासून गुळगुळीत करा, ९ असो की ११, दोन्ही टिकतील.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट निघते. सतारीवर मींड घेतात तशी गिटारवर तार बाजूला ओढून सूर चढवतात, बेंड म्हणतात. नऊची आणि दहाची तार एक स्वर चढवायला बाजूला तेवढंच अंतर ओढावी लागते. अंतर तेच, जोर मात्र २३ टक्के जास्त. म्हणून नंबर बदलल्यावर कान आणि डोळे लगेच रुळतात, बोटांना महिना लागतो.

आणि 'आधी जाड तारेवर शीक म्हणजे बोटं तयार होतील' हा सल्ला? जड बॅट देऊन पोराला क्रिकेट शिकवण्यातला प्रकार आहे. दुखतं म्हणून मूल गिटार ठेवून देतं.

पावसाळ्याचा वाटा

ठाण्यात जून ते सप्टेंबर तार न बदलताही गिटार हलते. लाकूड दमट हवा पितं, फुगतं, मान जागा सोडते. एसीच्या खोलीतून गॅलरीत आणली तरी तासाभरात सूर फिरतो. म्हणून नंबर बदलायचा असेल तर भर पावसात बदलून लगेच ट्रस रॉडला हात घालण्यात शहाणपण नाही. तारा वाजवून झाल्या की सुती फडक्याने पुसा, गिटार बॅगेत सिलिका जेलची पुडी टाका. याने अर्धी दुरुस्ती टळते, आणि माझा रविवारही वाचतो.

आमच्या मुलीपुढे मी दोन वाटा ठेवल्या. अकराचा सेट ठेवायचा तर मागे दोन स्प्रिंगा, ट्रस रॉड, नटच्या खाचा, इंटोनेशन, आणि महिनाभर दुखरी बोटं. नाहीतर मूळचा नऊचा नवा सेट, अर्धा तास. गणपतीला दोन आठवडे होते.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "काका, दहाचा?"

दहाचा टाकला. एक स्प्रिंग वाढवली, गणपती तोंडावर म्हणून पावसातही ट्रस रॉड पाव आटा आवळला, शेवटी ट्यूनर समोर ठेवून सहाही सॅडल तिच्याकडूनच सरकवून घेतले. तिसऱ्या तारेला तीनदा मागेपुढे करावं लागलं. गणपतीत आरतीनंतरच्या कार्यक्रमात तिने वाजवलं तेव्हा डिस्टॉर्शन इतकं होतं की तारा नऊच्या की दहाच्या हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. खालच्या मजल्यावरचे आजोबा पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी कानाचं यंत्र काढून खिशात ठेवलं होतं, आणि टाळ्या सगळ्यात जोरात त्यांनीच वाजवल्या.